खोलीवरचा नाश्ता: नागपुरात शिकणाऱ्यांसाठी तर्री-पोहे, उकडपेंडी आणि रात्रीची दहा मिनिटे

शिक्षणासाठी नागपुरात येऊन खोली घेऊन राहणाऱ्या मुलामुलींची जेवणाची सोय लवकर लागते, कारण डबा मिळतो, मेस मिळते. पण सकाळचा नाश्ता मात्र बहुतेकांचा सुटतो. साडेसातचा तास गाठायचा असतो, मेस इतक्या सकाळी उघडत नाही, आणि रोज गाडीवर खाणे खिशाला परवडत नाही. वणीहून पदवीच्या शिक्षणासाठी मी नागपुरात आले तेव्हा पहिले तीन महिने मी चहा-बिस्किटांवर काढले, आणि अकराच्या सुमारास वर्गात माझे डोके दुखू लागत असे. पुढे धरमपेठेतल्या एका घराच्या मागच्या खोलीत मैत्रिणीबरोबर राहताना रोज खाऊन बाहेर पडण्याची सवय लागली, ती एकाच गोष्टीमुळे: उद्याचा नाश्ता रात्री झोपण्यापूर्वी ठरवायचा आणि त्याची दहा मिनिटांची तयारी तेव्हाच करून ठेवायची. सकाळी उठल्यावर आज काय करावे हा विचार सुरू केला की उत्तर बिस्किटांच्या पुड्यापाशीच येऊन थांबते.

भांडी, शेगडी आणि विजेचा बोर्ड

भांडी फार लागत नाहीत. सपाट बुडाची लोखंडी कढई, तीन लिटरचा कुकर, एक तवा, पोहे धुण्यासाठी मोठी चाळणी, घट्ट बसणारे झाकण, किसणी आणि एक चांगली सुरी एवढ्यावर या लेखातले सारे पदार्थ होतात. खोलीवर बहुधा इंडक्शन शेगडी असते आणि तिच्यावर लोखंडाची किंवा चुंबक चिकटणाऱ्या स्टीलची भांडीच तापतात. घरून आणलेला ॲल्युमिनियमचा जुना कुकर तिच्यावर चालत नाही, त्यामुळे कुकर घेताना बुडाला चुंबक लावून पाहावा.

शेगडीपेक्षाही जास्त काळजी बोर्डाची घ्यावी लागते. टेबलाजवळचे साधे प्लग पॉइंट ६ अँपिअरचे असतात आणि त्यांतून २३० व्होल्टला सुमारे १,४०० वॅटपर्यंतच भार सुरक्षितपणे जातो. बाजारातल्या अनेक इंडक्शन शेगड्या मात्र २,००० वॅटपर्यंत वीज ओढतात. मी पहिल्या आठवड्यात शेगडी अभ्यासाच्या टेबलाच्या पॉइंटवर अडॅप्टर लावून चालवली. चौथ्या दिवशी बोर्डाचे प्लास्टिक पिवळे पडून जळका वास सुटला आणि रात्रभर आम्ही अंधारात बसलो. शेगडीसाठी जाड पिनांचा १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा. तो खोलीत नसेल तर खोली घेतानाच घरमालकांशी बोलून बसवून घ्यावा. विजेचा खर्च मात्र वाटतो तितका नसतो: १,२०० वॅटवर वीस मिनिटे स्वयंपाक केला तर ०.४ युनिट वीज लागते.

घरात काय असावे आणि ते कसे मागावे

जाड पोहे, जाडसर दळलेली कणीक, बेसन, ज्वारीचे पीठ, रवा, काळे चणे, शेंगदाणे, तेल, मोहरी, जिरे, हिंग, हळद, तिखट, धणे, सुके खोबरे, मीठ, साखर आणि गूळ हा महिन्याचा साठा होय. कांदे, बटाटे, आले, लसूण, मिरच्या, कढीपत्ता आणि लिंबे आठवड्याला आणावीत. भाजीसाठी आम्ही गोकुळपेठेच्या बाजारात जात असू. पुण्या-मुंबईकडून आलेल्यांनी इथे एक लक्षात ठेवावे: विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि शेंगदाण्यांना फल्लीदाणे. भाजीवाल्या मावशी ‘सांबार देऊ का?’ असे विचारतात तेव्हा त्या इडलीबरोबरच्या सांबाराविषयी बोलत नसतात. जिला सांबारवडी म्हणतात ती कोथिंबिरीचीच असते, आणि नागपुरात राहून ती न खाणे हे मोठे नुकसान आहे.

तिखट घेताना रंग आणि झोंबरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे दुकानदाराला सांगावे लागते. नागपूर जिल्ह्यातल्याच भिवापूरची मिरची प्रसिद्ध आहे. भिवापूरचे तिखट मिळाले तर पाव किलो घेऊन घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे. रवा आणि बेसन पावसाळ्यात खोलीवर फार लवकर खराब होतात. रवा आणल्या दिवशीच कोरडा भाजून, पूर्ण थंड करून डब्यात भरला तर त्याला अळी लागण्याची भीती कमी होते आणि सकाळचा वेळही वाचतो.

रात्रीची दहा मिनिटे

रात्री करायच्या कामांत पहिले काम चण्यांचे. आठवड्यातून दोनदा, रविवारी आणि बुधवारी, एक वाटी काळे चणे धुऊन तिप्पट पाण्यात भिजत घालावेत. त्यांना किमान आठ तास लागतात. हिवाळ्यात पातेले ओट्यावर राहिले तरी चालते. एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा नागपूरचा पारा ४४-४५ अंशांच्या पुढे जातो आणि रात्रीही खोली तापलेली असते, तेव्हा ओट्यावरचे पाणी पहाटेपर्यंत फेसाळून आंबते, म्हणून पातेले फ्रिजमध्ये ठेवावे. फ्रिज नसेल तर झोपताना एकदा पाणी बदलावे आणि उठल्याबरोबर चणे कुकरला लावावेत.

दुसरे काम दह्याचे. दूध तापवून बोट बुडवून ठेवता येईल इतपत कोमट झाले की अर्ध्या लिटरला एक चमचा विरजण घालून ढवळावे आणि झाकावे. उन्हाळ्यात ते तीन-चार तासांत लागते आणि रात्रभर बाहेर राहिले तर आंबट होते. डिसेंबर-जानेवारीत मात्र तेच भांडे जाड कापडात गुंडाळून ठेवले तरी सकाळी नऊपर्यंत वाट पाहावी लागते. पुढे दिलेल्या उकडपेंडीला आंबट ताकच हवे असते, त्यामुळे उन्हाळ्यातले आंबटलेले दही वाया जात नाही.

उरलेल्या भातासंबंधी मी जरा आग्रहाने सांगते. सकाळी फोडणीचा भात करण्यासाठी रात्रीचा भात उघड्यावर ठेवण्याची पद्धत घरोघरी आहे, परंतु तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि उबदार हवेत तो जिवाणू वाढून असे विष तयार करतो, जे पुन्हा परतल्याने नाहीसे होत नाही. भात उरणार असे दिसले की तो ताटात पसरून लवकर थंड करावा आणि उन्हाळ्यात तासाभराच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रिज नसेल तर मोजकाच भात शिजवावा आणि सकाळच्या फोडणीसाठी भाताऐवजी पोळ्या ठेवाव्यात.

तर्री-पोहे

नागपूरच्या सकाळचा हा मुख्य पदार्थ. पोह्यांवर चण्याचा झणझणीत रस्सा ओतून, वर कांदा, शेव आणि लिंबू घालून तो खातात. रश्श्यावर तरंगणाऱ्या लाल तेलाला तर्री म्हणतात आणि तिच्यावरूनच पूर्ण पदार्थाला नाव पडले आहे. खोलीवर तो करता येणार नाही असे अनेकांना वाटते, कारण त्यांना तर्री साधत नाही. मलाही पहिल्या दोन वेळा ती साधली नाही. कडकडीत तेलात मी दोन चमचे तिखट एकदम टाकले, ते क्षणात काळे पडले, आणि ठसक्याने आम्ही दोघी अंगणात धावलो. शेजारच्या स्वयंपाकघरातून आमच्या घरमालकीण काकू आल्या, त्यांनी खिडक्या उघडल्या आणि म्हणाल्या, ‘‘अवो पोरी, तिखट जळून राहिलं ना! पहिले शेगडी बंद कर, तेल थोडं निवू दे, मग टाक.’’ त्या एका वाक्यात तर्रीची सारी कृती आली आहे.

मिरचीचा लाल रंग पाण्यात फारसा उतरत नाही, तेलात उतरतो, म्हणून तिखट तेलातच घालावे लागते. पण तेच तेल फार तापलेले असेल तर रंग जळून तपकिरी होतो आणि चव कडवट लागते. तेल गरम असावे, मात्र धूर निघण्याच्या बरेच अलीकडे.

दोघांना दोन दिवस पुरेल असा रस्सा करण्यासाठी भिजवलेले चणे थोडे मीठ आणि दुप्पट पाणी घालून कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्यांपर्यंत शिजवावेत आणि पुढे दहा मिनिटे आच मंद ठेवावी. चणा दोन बोटांत दाबल्यावर सहज चिरडला जावा, परंतु त्याचे साल आपण होऊन सुटलेले नसावे. शिजलेले पाणी फेकू नये, कारण रश्श्याला दाटपणा त्यानेच येतो. दोन मध्यम कांदे किसून घ्यावेत. खोलीवर मिक्सर नसल्याची अडचण किसणीने पूर्ण भागते. सहा-सात पाकळ्या लसूण आणि अंगठ्याच्या पेराएवढे आले ठेचावे. दोन मोठे चमचे किसलेले सुके खोबरे आणि एक चमचा धणे कढईत कोरडे भाजून वाटीच्या बुडाने किंवा लाटण्याने रगडावेत.

कढईत चार मोठे चमचे तेल घ्यावे. हे तेल जास्त वाटते, परंतु कमी केले तर तर्री दिसत नाही. ते टाळायचे असेल तर खाताना वरचे तेल कमी घ्यावे, करताना कमी करू नये, असे माझे मत आहे. तेलात जिरे तडतडल्यावर किसलेला कांदा घालून मध्यम आचेवर परतत राहावे. आधी तो पाणी सोडतो, मग आळतो, आणि आठ-दहा मिनिटांनी कढईच्या कडेला तेल सुटू लागते. त्याआधी घाई केली तर रश्श्याला कच्च्या कांद्याचा वास येतो. मग आले-लसूण आणि खोबरे-धणे घालून दोन मिनिटे परतावे. आता शेगडी बंद करावी, मिनिटभर थांबावे, आणि मग हळद, दोन लहान चमचे तिखट व एक चमचा गरम मसाला घालून लगेच दोन चमचे कोमट पाणी टाकावे. पाण्यामुळे तिखट जळत नाही आणि रंग हळूहळू तेलात उतरतो. ढवळताना कढईतले तेल पिवळ्याचे केशरी आणि केशरीचे लाल होताना दिसते. पुन्हा आच लावून चणे त्यांच्या पाण्यासकट घालावेत, मीठ पाहावे आणि मंद आचेवर दहा-बारा मिनिटे उकळू द्यावे. रस्सा खळखळ उकळत ठेवला तर तेल त्यात मिसळून जाते, म्हणून शेवटी आच बंद करून पाच मिनिटे तो न ढवळता ठेवावा. तर्री आपोआप वर येते.

हा रस्सा रात्री करून ठेवला तर सकाळी फक्त पोहे उरतात. दोघांसाठी दोन मोठ्या वाट्या जाड पोहे चाळणीत घेऊन नळाखाली हाताने हलवत धुवावेत आणि चाळणी तिरपी ठेवून दहा मिनिटे निथळू द्यावेत. पोह्याचा एक दाणा चिमटीत दाबून पाहावा: तो सहज मोडावा, पण त्याचा लगदा होऊ नये. मधे पांढरी कणी राहिली असेल तर पाण्याचा एक हबका मारावा. निथळलेल्या पोह्यांवरच मीठ आणि अर्धा चमचा साखर घालून हलक्या हाताने मिसळावे, म्हणजे कढईत फार ढवळावे लागत नाही आणि पोहे तुटत नाहीत. मोहरी, मिरची, कढीपत्ता आणि चिरलेला कांदा यांची फोडणी करून त्यात हळद घालावी, कांदा पारदर्शक झाल्यावर पोहे टाकावेत, झाकण ठेवून मंद आचेवर तीन मिनिटे वाफ आणावी. तर्रीखालच्या पोह्यांत मिरची कमी घालावी, कारण तिखटपणाची जबाबदारी रश्श्याची आहे.

वर लिंबू अवश्य पिळावे. चण्यांतले लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते, आणि जेवताजेवता घेतलेला चहा उलट त्यात अडथळा आणतो, म्हणून चहा तासभराने घ्यावा. हिवाळ्यात संत्री भरपूर असतात तेव्हा लिंबाच्या जोडीला एक संत्रे सोलून घेतले तर उत्तमच.

उरलेला रस्सा फ्रिजमध्ये दोन दिवस चांगला राहतो, मात्र रोज पूर्ण पातेले गरम न करता लागेल तेवढाच काढून उकळावा. दुसऱ्या दिवशी त्यात उकडलेले अंडे दोन भाग करून सोडावे किंवा उकडलेला बटाटा कुस्करून घालावा आणि पोळीशी खावे. आमच्याकडे सोमवारचे तर्री-पोहे मंगळवारी तर्री-अंडे होत असत, आणि मैत्रिणीला दुसरा दिवसच जास्त आवडत असे.

उकडपेंडी

पोहे संपलेले असतील, भाजी काहीच नसेल, तरी कणीक आणि कांदा असतोच, आणि त्यातून विदर्भाचा हा खास नाश्ता होतो. बाहेर तो क्वचित मिळतो. हा घरचा पदार्थ आहे आणि घरापासून दूर राहणाऱ्याने तो शिकून घ्यावा असे मला मनापासून वाटते.

एक वाटी जाडसर कणकेला तीन मोठे चमचे तेल घेऊन मोहरी, हिंग, कढीपत्ता, दोन-तीन मिरच्या आणि एक मोठा चिरलेला कांदा यांची फोडणी करावी, हळद घालावी आणि कांदा मऊ झाल्यावर कणीक त्यात टाकून मंद आचेवर सात-आठ मिनिटे भाजावी. हे भाजणे हाच उकडपेंडीचा जीव आहे. कच्च्या कणकेवर पाणी पडले की तिचा चिकट गोळा होतो; तेलात भाजलेल्या कणकेच्या कणाकणावर तेलाचा थर बसतो आणि मग ताक शिंपडल्यावरही ती मोकळी राहते. रंग थोडा तांबूस झाला आणि लाडू भाजताना येतो तसा खमंग वास आला की अर्धी वाटी आंबट ताकात मीठ आणि चिमूटभर साखर विरघळवून ते हाताने थोडेथोडे शिंपडत जावे आणि कालथ्याच्या पाठीने गुठळ्या फोडाव्यात. सगळे ताक एकदम ओतू नये. मूठ वळली तर वळेल आणि बोटाने ढकलली तर सुटेल, इतका ओलावा पुरतो. झाकण ठेवून पाच मिनिटे वाफ द्यावी, वर सांबार आणि कच्चे तेल घालावे. दही नसेल तर कोमट पाण्यात अर्धे लिंबू पिळून चालते, पण ताकाची चव त्याला येत नाही. थोडी ज्वारीची पिठी मिसळली तर ती आणखी मोकळी होते.

घाईच्या आणि उन्हाच्या सकाळी

परीक्षेच्या दिवसांत पंधरा मिनिटेही जास्त वाटतात. तेव्हा रात्रीच्या दोन पोळ्या हाताने कुस्करून कांदा-शेंगदाण्यांच्या फोडणीत परताव्यात आणि पाण्याचा हबका मारून झाकाव्यात. पाच मिनिटांत पोटभर खाणे होते. बेसन, थोडा रवा, कांदा, ओवा आणि सांबार पाण्यात सैल कालवून तव्यावर धिरडी घालावीत, हीही तितकीच सोपी. पहिले धिरडे तव्याला चिकटते, म्हणून तव्यावर अर्ध्या कांद्याने तेल फिरवावे आणि तवा नीट तापल्याशिवाय पीठ टाकू नये.

एप्रिलपासून मात्र सकाळी आठलाच कढईसमोर उभे राहवत नाही. त्या दिवसांत दही-पोहे करावेत: पातळ पोहे आधी थोड्या दुधात भिजवावेत, मग दही, मीठ, साखर आणि सुक्या मिरचीची फोडणी घालावी. दूध असल्यामुळे डबा नेला तरी तो मधल्या सुटीपर्यंत फार आंबट होत नाही. ज्वारीची आंबील तर उन्हाळ्यासाठीच आहे. रात्री दोन मोठे चमचे ज्वारीचे पीठ वाटीभर ताकात कालवून ठेवावे, सकाळी दोन वाट्या पाणी उकळून त्यात ते मिश्रण सतत ढवळत सोडावे, सात-आठ मिनिटे शिजवावे आणि मीठ, जिरेपूड व ठेचलेला लसूण घालून निवू द्यावे. उन्हात सायकलने किंवा बसने कॉलेजला जाण्यापूर्वी पेलाभर आंबील प्यायली की दुपारपर्यंत तहान कमी लागते, हा माझा पाच उन्हाळ्यांचा अनुभव आहे.

रविवारी गाडीवर

महिन्यातून एखाद्या रविवारी गाडीवर अवश्य जावे, आणि शिकण्यासाठी जावे. कस्तुरचंद पार्कच्या परिसरात किंवा बर्डीकडे, म्हणजे सीताबर्डीकडे, सकाळी लवकर गेले की पोह्यांच्या गाड्यांभोवती गर्दी दिसते. तिथे बाजूला उभे राहून हाताकडे पाहावे. आम्ही ज्या गाडीवर जात असू तिथले काका रश्श्याचे पातेले अगदी मंद आचेवर ठेवत आणि कधीच तळापासून ढवळत नसत. आधी पळी खोल घालून चणे काढत, मग तीच पळी आडवी करून वरच्या वर तर्री घेत. कोणी ‘तर्री जास्त’ म्हटले तर फक्त दुसरी हालचाल पुन्हा होत असे. आच बंद करून रस्सा न ढवळता ठेवण्याची रीत मी तिथेच पाहून उचलली. गाडी निवडताना रस्सा वाफाळता आहे ना, कच्चा कांदा झाकलेला आहे ना आणि ताटल्या कशा धुतल्या जातात, एवढे पाहणे पुरते.

घरी आल्यावर एक काम विसरू नये. लोखंडी कढईत तर्री दुपारपर्यंत तशीच राहू देऊ नये, कारण तिला लोखंडी चव लागते आणि रंग काळवंडतो. रस्सा लगेच स्टीलच्या डब्यात काढावा. कढई गरम पाण्याने घासून, शेगडीवर मिनिटभर ठेवून कोरडी करावी आणि आतून तेलाचे बोट फिरवून ठेवावी, म्हणजे तिला गंज चढत नाही आणि सकाळी कांदा तिच्या बुडाला धरत नाही.